आठ दिवसांत एकही तक्रार नाही

समुद्रातल्या तेलविहिरीवर काय हवं-नको ते यापुढे फक्त अ‍ॅपवरच मागवायचं, वायरलेसवर कुणी कितीही ओरडलं तरी ऐकायचं नाही, असा मोठ्या साहेबांचा हुकूम सुटला. आठवड्यानं साहेब बंदरावरच्या गोदामात आले, तेच मुळी हवेत.

“बघा मामा! आठ दिवसांत तिकडून एक तक्रार नाही. नाहीतर पूर्वी ऐकून ऐकून कान किटायचे!”

“हो ना साहेब,” गोदामवाले मामा बुडाखालच्या पेटीवरून उठत म्हणाले, “एवढी एक पेटी तेवढी अडलीय.”

“मग पाठवा की!”

“कशी पाठवू? अ‍ॅपवर मागणीच नाही.”

“आहे काय तिच्यात?”

“दुरुस्त होऊन आलेलं त्यांचं इंटरनेटचं यंत्र.”