खरकटं

धुतलेल्या ताटांवर पांढरट डाग दिसू लागले, तेव्हा निवेदिताने एक ताट सासूबाईंसमोर धरलं. "आई, तुम्हाला आता दिसत नाही. खरकटं राहतंय. महालक्ष्म्यांचा नैवेद्य अशा भांड्यांत कसा करायचा, तुम्हीच सांगा."

देवीचं नाव निघालं. लग्न होऊन जयेंद्रगंजातल्या या घरात आल्यापासून सांभाळलेलं स्वयंपाकघर दुर्गाबाईंनी स्वतःहून सोडलं. डॉक्टरांनी नजर चांगली असल्याचं सांगितलं, तरी त्यांचा विश्वास बसेना. कारण घरात डिशवॉशर आलं आणि ताटं आरशासारखी लख्ख निघू लागली.

आज मात्र मशिनीतूनच डागाळलेली ताटं बाहेर आली.

"अरे यार, अभी तो ली थी," मुलगा पुष्कर वैतागला. "थांबा, मेकॅनिकला बोलावतो."

दुर्गाबाईंनी ताटावरून बोट फिरवलं. डाग तेच होते. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या. "बघ रे पुष्कर, या मशिनीचेही डोळे गेले वाटतं."

निवेदिता नुकतीच कॉलेजातून आली होती. खांद्यावरची पर्सही न काढता तिने ताटाकडे नजर टाकली. "मेकॅनिक कशाला? आपल्या बोरच्या पाण्यातला क्षार आहे हा. तो काढायला मशिनीत घालायचं मीठ संपलं असेल, एवढंच."

"नुसतं बघून कसं कळलं तुला?" पुष्करने कौतुकाने विचारलं.



"इतकी वर्षं अकरावीच्या मुलांना हेच तर शिकवतेय."