शंभरातले चार

"वाचायला पायजे, का लिहायला? का प्रवासात न्यायला?" भाऊसोने काउंटरवर तीन टॅब ओळीने मांडले.

"आईसाठी हवा आहे," शालन म्हणाली. "तिला वाचता आलं पाहिजे. लिहिता आलं तर आणखी चांगलं. प्रवास आता कुठला."

आई, चंद्राबाई, शेजारच्या खुर्चीवर पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या. भाऊसो त्यांच्यासमोर वाकला. "बाई, वळखलं का? जालिंदर कंडक्टरचा भाऊसो. पलूसच्या शाळेत सतराच्या पाढ्याला तुमी मला बाकावर हुबं केलंतं. पाढा काय आला न्हाई. शेवटी हितं सांगलीला येऊन मशिनी इकत बसलोय."

चंद्राबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले.

"कुणाचा रं तू?"

भाऊसोचे हसू ओसरले. त्याने शालनकडे पाहिले. शालनने टॅब जवळ ओढला.

दोन वर्षांपूर्वी ती कराडच्या कॉलेजातली नोकरी सोडून पलूसला आईजवळ राहायला आली होती. तीस वर्षे तिने भौतिकशास्त्र शिकवले होते. आईचे विसरणे तिने वहीत तारखांसह टिपून ठेवले होते. आधी गॅस, मग वार, मग शेजारच्या मनुबाई. आईच्या तोंडून शेवटचे 'शालन' तिने एकवीस फेब्रुवारीला ऐकले होते. आता ऑक्टोबर चालू होता. आपल्याकडे कामाला कोणी भली बाई ठेवली आहे, असे चंद्राबाईंना वाटे. घरातल्या आरशावर शालनने चादर टाकली होती. त्यातल्या म्हातारीला त्या घाबरत.

पूर्वी त्या रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचत. अक्षरे मोठी केली तर ती पुन्हा ओळखू येतील, आणि अक्षरांमागून आणखी कोणी, असे शालनला वाटत होते. डॉक्टरांनी तसे काही सांगितले नव्हते.

पहिल्या टॅबचा पडदा कागदासारखा होता. राखाडी, बिनचमकीचा. शालनने अक्षरे बोटाएवढी केली. "आई, काय लिहिलंय?"

चंद्राबाईंनी पडद्यावर फुंकर मारली. "मुंग्या झाल्यात."

दुसऱ्याला पेन होते. पडदा जरा खरखरीत. शालनने आईच्या बोटांत पेन दिले. "तुझं नाव लिही बघू."

चंद्राबाई ताठ बसल्या. त्यांनी पडद्यावर एक मोठी, सुरेख 'बरोबर'ची खूण केली. मग हात पुढे केला. "फुडची वही आणा."

भाऊसो तोंड फिरवून रॅकवरचे खोके सरळ करू लागला.

"तिसरा बगा तरी," तो थोड्या वेळाने म्हणाला. "लय हलका हाय. गाडीत, येष्टीत, कुठंबी न्या."

"हा नको," शालन म्हणाली. "काच फार चकाकते. ट्यूबलाइट दिसते तिच्यात. तिला त्रास होईल."

"उजेड वाढवला की काय न्हाई दिसत. दावतो." त्याने बटण दाबले. पडदा काळाच राहिला. "चार्जिंग उतरलंय जणू. थांबा, वायर आणतो." तो आत गेला.

चंद्राबाईंनी तो टॅब आपल्याकडे ओढला. खाली वाकून पाहिले. शालन त्यांच्या खांद्यामागून पुढे झुकली, टॅब पडू नये म्हणून.

"शालन!"

शालनचा हात जागीच थांबला.

"कवा आलीस गं?" चंद्राबाई म्हणाल्या. आवाज जुनाच होता, अंगणातून हाक मारायचा.

"मी इथंच आहे, आई." शालनने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

चंद्राबाईंनी मागे न पाहताच तो हलकेच बाजूला केला. "थांबा वो बाई जरा. माझी लेक आलीया."

त्या काचेशी बोलत होत्या.

शालनने काचेत आईच्या खांद्यावरचा स्वतःचा चेहरा पाहिला. आरसा सगळेच परत देतो, पांढरे केस, डोळ्यांखालची काळी वर्तुळे. बंद टॅबची काच शंभरातले जेमतेम चार किरण परत करते. हे तिने फळ्यावर कितीदा लिहिले होते. एवढ्याशा उजेडात सुरकुत्या येत नाहीत. पांढरे केस पांढरे दिसत नाहीत. काचेत तीस वर्षांची एक मुलगी होती, दिवाळीच्या सुट्टीला घरी येणारी.

"किती दिवसांनी गं," चंद्राबाई त्या मुलीला म्हणाल्या. "जेवलीस का?"

"जेवले, आई," शालन काचेत पाहून म्हणाली.

"आता ऱ्हाणार न्हवं?"

भाऊसो वायर घेऊन आला. "घ्या. आता चालू करून दावतो, मॅडम."

"नको." शालनने टॅबवर हात आडवा धरला, काचेला न लावता. "हाच द्या. चालू करू नका."

"आवं, चालू न करता कसा बगणार? वाचायला तरी..."

"असाच द्या."

तो वायर हातात घेऊन उभा राहिला. चंद्राबाईंनी पदराच्या टोकाने काच पुसली आणि आणखी खाली वाकल्या. मागच्या बाईला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात त्यांनी लेकीला सांगितले,

"आता तू ऱ्हा गं माझ्यापाशी. या बाई लय दमल्यात. त्यास्नी घरी जाऊ दे."