यादीतला तिसरा नंबर

रॉरीने पाठवलेल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या यादीतल्या पहिल्या दोघांनी फोनवर त्याचं तोंडभरून कौतुक केलं. तिसरं नाव वाचून कुशलला हसूच आलं. मिलिंद खरे, नॉटिंगहॅम. स्कॉटलंडच्या डोंगरात हरणाची शिकार घडवणारा गाईड, आणि त्याच्याबद्दल सांगायला मराठी माणूस, म्हणजे दुधात साखरच.

लंडनमधल्या एजवेअरच्या घरी बसून तो महिनाभर गाईड शोधत होता. गेल्या वर्षी पोळलं होतं ना त्याला. चार तास चिखलातून सरपटल्यावर मोठ्या शिंगांचा नर टप्प्यात येणार, तोच धुकं उतरलं आणि म्हाताऱ्या गाईडने मागे फिरायला सांगितलं. कुशलने विनवलं, मग आवाज चढवला. म्हातारा ढिम्म. खाली उतरल्याउतरल्या कुशलने त्याला वेबसाइटवर पाचातला एकच स्टार ठोकला आणि वर लिहिलं, भित्रा माणूस. यंदाचा मोसम संपायला तीन आठवडे उरले होते. पुन्हा हात हलवत परत यायची त्याची तयारी नव्हती.

फोन बाईने उचलला. आपण मिलिंदची बायको कस्तुरी, असं सांगून, काय विचारायचं ते विचारा म्हणाली. कुशलने प्रश्नांची सरबत्ती लावली. रॉरी वेळेवर येतो का? येतो. रायफल नीट देतो का? देतो. हरीण मिळतं का? मिलिंदला पहिल्याच खेपेला मिळालं होतं, म्हणून तर त्याने आपलं नाव या यादीत घालू दिलं. ती विचारलं तेवढंच सांगत होती, पाठ असल्यासारखं.

मग त्याने मुद्द्याचं विचारलं. "वेदर बिघडलं तर अर्ध्यातून परत नाही ना आणत?"

"नाही. क्लाएंट म्हणेल तसं करतो तो. कुणाला नाही म्हणत नाही."

कुशल खूश झाला. हवा तसा माणूस सापडला होता. लॅपटॉप पुढ्यात ओढून त्याने बुकिंगचं पान उघडलं आणि सहज विचारलं, मिलिंदशी दोन मिनिटं बोलता येईल का?

तिने तेही पाठ असल्यासारखंच सांगितलं.

"सेकंड ट्रिपला फॉग आला. मिलिंद म्हणाला, पुढे जाऊ. रॉरी हो म्हणाला. रॉरी खाली आला. मिलिंद दोन दिवसांनी दरीत सापडला. लिस्टमधून त्याचं नाव कुणी काढलं नाही, म्हणून हा फोन मी चालू ठेवलाय. तुम्ही सहावे."

कुशलने बुकिंगचं पान बंद केलं. काहीतरी बोलायला हवं, म्हणून त्याने हळू आवाजात विचारलं, मिलिंदने मुळात रॉरीलाच का निवडलं.

"आधीच्या गाईडने त्याला फॉगमधून सुखरूप परत आणलं होतं," कस्तुरी म्हणाली. "मिलिंदने त्याला एक स्टार दिला."