नानांची शिडी

एक लांब कापड डोळ्यांसमोर आणा. विटकरी रंगाचं, अंगणातल्या फळ्यांवर खिळ्यांनी ताणून बसवलेलं. तीन माणसं त्यावर ओणवी होऊन काळे ठसे उमटवताहेत. प्रत्येक ठशात एक शिडी. न्तोन्सो गावात कुणी वारलं, की घरच्यांच्या दुखवट्याच्या कापडावर मरणाची ही शिडी येतेच, कारण ती सगळ्यांनाच चढायची असते. आता कापडाच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ उभे करा. हात पाठीमागे घट्ट धरलेले. पायाशी वाळूत बसलेली नात, दुफी.

हे नाना अडुसेई, गावात ठसे कोरणारे. शनिवारी त्यांच्या वारलेल्या थोरल्या बहिणीला निरोप द्यायचा होता आणि तिच्या कापडाचा ठसा त्यांनी दुसऱ्या कुणाला कोरू दिला नव्हता. भोपळ्याच्या वाळक्या कवचावर स्वतःच्या सुरीनं कोरला. पूर्वी सकाळची पेज शिजेपर्यंत त्यांचा एक ठसा होत असे. या शिडीला आठवडा लागला.

पण ठसा एक आणि छापणारे तीन. म्हणून त्यांच्या मुलीनं, कोनाडूनं, तो काल न विचारताच बोआदीच्या दुकानात नेला. डांबरी रस्त्यावर बोआदी लेझरच्या यंत्रावर दारांच्या पाट्या कापतो. सुईएवढा उजेड रबर जाळत पुढं सरकतो आणि मागं अक्षर उरतं. त्यानं नानांच्या ठशाचा फोटो घेतला आणि तिथल्या तिथं तीन ठसे कापून दिले. तिन्हींत डावं-उजवं करता येणार नाही, इतके सारखे.

नाना वाकले. शिडीची डावी दांडी वरून सरळ येत होती. दुसऱ्या पायरीखाली ती जराशी थरथरली होती आणि मग पुन्हा सरळ झाली होती. त्यांनी शेजारची शिडी पाहिली. तिथंही तेच. मग पलीकडच्या माणसाची. अर्धं कापड भरलं होतं आणि प्रत्येक शिडी त्याच जागी थरथरत होती.

"नाना, आता तुम्ही खुशाल झोपा," छापणाऱ्यांतला ओफोरी म्हणाला. "तुमचा हात आम्ही तिघांनी वाटून घेतलाय."

बाकीचे हसले. नाना हसले नाहीत, तेव्हा तेही थांबले.

बोआदीला बोलावणं गेलं. तो लॅपटॉप काखेत मारून आला, चपला बाहेर काढून त्यानं नानांना वाकून नमस्कार केला. यंत्राची चूक नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. त्याला दिसतं ते ते कापतं. कुठली रेघ काढलेली आणि कुठली हातून निघालेली, हे त्याला कळत नाही. पण त्यात अवघड काही नव्हतं. त्यानं पडद्यावर शिडी मोठी केली, दोन-तीनदा बोट टेकवलं, आणि दांडी ताठ झाली. चारही कोपरे नेमके, पायऱ्या मापाच्या.

नाना पडद्यावर वाकले.

"ही कुणाची?"

"शिडीच आहे ना, नाना."

"शिडी आहे, ते दिसतंय. कुणाची, ते विचारलं."

बोआदीनं कोनाडूकडे पाहिलं. कोनाडू म्हणाली, एखादा जुना ठसा असेल ना, बाबांचा हात चांगला होता तेव्हाचा. त्याचाच फोटो घेऊ.

बोलता बोलता तिचं लक्ष चुलीकडे गेलं. चुलीवर झाडाची साल उकळत होती, ठशांची काळी शाई. झिजलेला ठसा त्या जाळात घालायचा, ही अंगणाची रीत. ती नानांनीच घालून दिलेली. जुना जपून ठेवला की माणूस नवा कोरत नाही, असं ते म्हणायचे. आयुष्यभराच्या सगळ्या शिड्या त्यांनी स्वतःच्या हातांनी त्या चुलीत घातल्या होत्या. घरात एकही उरली नव्हती.

"बाबा, कापड आज वाळायला हवं," कोनाडू हळू म्हणाली. "सरळ करून आणू, की आहे तेच चालवू?"

नानांनी हात पुढं घेतले. बांधून ठेवलेलं काहीतरी सुटावं तसे ते हलायला लागले. सगळ्यांनी नजर दुसरीकडे वळवली. तिघांच्या हातांतल्या ठशांवर शाई सुकू लागली होती.

"छापा," नाना म्हणाले.

ठसे पुन्हा पडू लागले. नाना वाळूत दुफीजवळ बसले. तिनं बोटानं एक शिडी काढली होती. आता ती दुसरी काढत होती. डावी दांडी वरून सरळ आली. दुसऱ्या पायरीखाली दुफी थांबली, जीभ ओठांत धरली आणि बोट मुद्दाम जरासं हलवलं.

"तिथं सरळ काढायची, बाळा."

"पण तुमची तशीच आहे."

"अशी," असं म्हणून नानांनी तिचं बोट आपल्या हातात धरलं आणि दांडी वरून खाली आणली. दुसऱ्या पायरीपर्यंत ती सरळ आली. त्याखाली नाही.

दुफीनं ती नीट पाहून घेतली. मग तळहातानं वाळू सारखी केली आणि एकटीनं पुन्हा काढली. त्या जागी तिनं बोट या वेळी अगदी बरोबर हलवलं.