गोठ्याकडची भिंत

"आये, डोकं लय दुखतंय," मैना म्हणाली. "आनी यो दूध पन वढत न्हाय."

गुणाबाईने लेकीच्या बाजेखालची शेगडी जरा पुढे ओढली आणि नातवाच्या गालाला बोट लावलं. सातव्या महिन्यातच जन्मलेलं मूठभर पोर ते. कालपर्यंत गालाला बोट लागलं की तोंड वासायचं. आज ढिम्म.

शहाऐंशी सालचा पौष होता आणि टेमघरला त्या वर्षी थंडीने कहर मांडला होता. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून गुणाबाईने कंबर कसली होती. तिचा नवरा बाळाराम नारपोलीला कापडाच्या लूमवर कामाला. त्याने तिथून टाकाऊ सुताचं बोचकं आणलं आणि हिने खोलीची एकेक फट बुजवली. खिडकी, दाराच्या चिरा, कौलांखालचा झरोका, अगदी गोठ्याकडच्या भिंतीतलं जमिनीलगतचं भोकसुद्धा. मुंगीला वाट ठेवली नाही. बघायला आलेल्या बायकांना ही कारागिरी कौतुकाने दाखवलीही. त्या बंद खोलीत शेगडी मात्र रात्रंदिवस धुमसत होती आणि धूर आतच कोंडत होता.

आता मैनाचे डोळे मिटायला लागले तशी गुणाबाई घाबरली. तिने धाडकन दार उघडलं. गार वारा असा घुसला की पोराचे पाय निळसर पडले. तिने दार लावून घेतलं, तर मैनाची मान कलंडली. उघडावं तर पोर जातं, लावावं तर दोघंही जातात. तिने बाहेर नवऱ्याला हाक मारली.

"आवो, वर चढा! बाजेच्या वरचं कौल काढा!"

बाळाराम नुकताच शिफ्ट संपवून आला होता. तसाच शिडी लावून छपरावर गेला आणि त्याने कौल सरकवलं. वर आभाळाचा तुकडा दिसला, पण धूर काही हलेना. उलट वरून थंडीच खाली उतरली, नेमकी बाजेवर.

"लावू का परत?" वरून बाळारामने विचारलं.

गुणाबाई गोठ्याकडच्या भिंतीला पाठ टेकून खाली बसली, आणि तिला पाठीला ऊब लागली. पलीकडे म्हैस भिंतीला अंग टेकून बसली होती. गुणाबाईने तळहात लावून पाहिला. जसजसा हात खाली न्यावा तसतशी भिंत जास्तच उबदार. मग तिने काही विचार केला नाही. जमिनीलगतच्या भोकात बोटं घातली आणि आपणच ठासलेला सुताचा बोळा उपसून काढला.

शेणामुताचा भपकारा आला. बाळंतिणीच्या खोलीत हा वास! ती बोळा पुन्हा कोंबणार, तोच मनगटाला काहीतरी लागलं. कुणीतरी हळूच फुंकर घालावी तशी कोमट हवा आत येत होती. थांबत नव्हती. शेगडीतले राखेने माखलेले निखारे भोकाच्या बाजूने लाल व्हायला लागले. बाजेवर दाटलेला धूर हलला, वळला आणि शाळा सुटल्यावर पोरं दाराकडे जावीत तसा सरळ त्या कौलाच्या वाटेला लागला. गुणाबाई आ वासून बघत राहिली. जन्मभर तिने चुलीपाशी धूर खाल्ला होता, पण धुराला असं शहाण्यासारखं घराबाहेर जाताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

"अगो, धूर आला वर!" बाळाराम खोकत खोकत ओरडला. "आत गार लागतंय का?"

तिने पोराचे पाय हातात घेतले. पाय गरम होते.

"न्हाय वो," ती म्हणाली. तिचाच तिच्यावर विश्वास बसत नव्हता. "जराबी न्हाय."

मैनाने लांब श्वास घेतला, मग आणखी एक. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि पोराला छातीशी घेतलं. आधी नुसतीच चुळबुळ झाली. मग चुटूचुटू आवाज यायला लागला. गुणाबाईला रडू आवरेना.

दिवेलागण झाली. आज पाचवी. रात्री सटवाई येणार, पोराच्या कपाळी काय ते लिहून जाणार. तिच्या नैवेद्याचं ताट तयार होतं. गुणाबाईने डोळे पुसले, ताट उचललं आणि पूजेच्या पाटाकडे न जाता ती घराला वळसा घालून गोठ्यात गेली. म्हैस अजून तशीच भिंतीला टेकून रवंथ करत होती. तिच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती. गुणाबाईने ताट तिच्यापुढे ठेवलं आणि जमिनीला डोकं टेकलं.

शिडी उचलायला आलेल्या बाळारामने ते पाहिलं.

"काय करतेस गो? त्यो निवद सटवाईचा हाय!"

"मंग?" गुणाबाई म्हणाली. "तिलाच वाढलाय."