तानीचा हात

"सर, समोरच्या पोरीनं डोळ्यांपुढं हात धरला तं काय होते?"

पहिल्या बाकावरून उठून भामानं विचारलं. तिच्या एका बाजूला विमल, दुसऱ्या बाजूला आशा. दोघींनी बाकाखाली एकमेकींना चिमटे काढले. भर वर्गात ड्रिलच्या सरांना विचारून दाखव, नाहीतर तू भित्री, अशी पैज त्यांनीच लावली होती.

सर हसले नाहीत. "नुसता हात वर केला तर काही नाही. अडवायलाच उभी असते ती. पण दिसू नये म्हणून डोळ्यांजवळ हात नाचवला, तर टेक्निकल फाउल. का गं? काल असं झालं?"

सगळ्या वर्गाच्या माना वळल्या.

"हो, सर," भामा म्हणाली.

झालं! तेवढ्यानं अख्खं धाड गाव पेटलं.

जिल्ह्यात पहिल्यांदाच मुलींचे बास्केटबॉलचे सामने भरले होते, आणि शेगावच्या पोरींनी धाडला धाडच्याच मैदानावर एका बास्केटनं हरवलं होतं. शेवटचा चेंडू भामाकडे होता. समोरच्या पोरीच्या हातून चेंडू हिसकावण्यात भामासारखी कोणी नव्हती. लांबून फेकायचं मात्र ती टाळायची. तेव्हा टाळता आलं नाही. उन्हं कलली होती. समोर शेगावची उंच तानी. भामानं वर पाहिलं, तर डोळ्यांपुढे नुसतं पांढुरकं काहीतरी. रिंग दिसलीच नाही. चेंडू फळीलाही न लागता पलीकडच्या बाभळीत जाऊन अडकला.

"काय झालं वं तुले?" विमलनं तेव्हाच ओरडून विचारलं होतं.

"तिनं डोळ्यांपुढं हात धरला," भामा म्हणाली होती.

दुपारी तिचे वडील, उकंडराव, वांग्यांच्या पाट्या मळ्यात तशाच टाकून शाळेत आले. पोरीनं खेळणंच त्यांना पसंत नव्हतं. पण आता गोष्ट वेगळी होती.

"माह्या पोरीच्या डोळ्यावर हात? फुटला असता म्हंजे? मोठे मास्तर, त्या पोरीले काढा अन् सामना पुन्हा घ्या!"

पंच त्या वेळी भामाच्या पाठीमागे होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. पण गावाला दिसलं होतं! पारावर जो तो शपथ घ्यायला तयार. कोणी म्हणे डावा हात होता, कोणी म्हणे उजवा. पंजाबराव पाटील तर म्हणाले, "दोन्ही होते. म्या सोता पाह्यले." ते सामन्याच्या दिवशी शेगावला दर्शनाला गेले होते, पण त्यांना कोण सांगणार?

सामने संपेपर्यंत शेगावच्या पोरी धाडच्या शाळेतच मुक्कामाला होत्या. हेडमास्तरांनी ठरवलं, की उद्या सकाळी दोन्ही शाळांसमोर भामानं तक्रार बोलून दाखवायची. मग तानी संघाबाहेर, आणि सामना पुन्हा.

संध्याकाळी भामा विहिरीवर घागर भरत होती. कोणीतरी जवळ येऊन उभं राहिलं.

"कोण आहे?"

"कोण म्हंजे? मी. तानी." ती धापा टाकत होती. "कोणता हात होता वं माहा?"

भामा घागरीत पाहत राहिली.

"सांग नं. डावा का उजवा?"

"उजवा."

"माह्यावर चार फाउल झाले होते. पाचवा झाला असता तं बाहेर बसा लागलं असतं. म्हणून दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून उभी होती मी. काऊन खोटं बोलून राह्यली?"

"मले रिंग दिसली नाही," भामा म्हणाली. "गजानन महाराजांची शपथ, नाही दिसली."

तानीचा आवाज खाली आला. "बाबानं पहिलेच सांगतलं होतं. खेळात बोभाटा झाला का शाळेतून नाव कमी. माह्या दोन बहिणी तशाच चुलीपाशी बसल्या." ती जायला वळली, पुन्हा थांबली. "उद्या तू बोलशीन अन् माही शाळा बंद होईन. एवढंच सांगाले आली होती."

घरी ओसरीवर विमल आणि आशा गुळशेंगदाणे खात बसल्या होत्या.

"उद्या फक्त 'हो' म्हणजो," विमल म्हणाली. "मंग सामना आपलाच!"

"अन् नाही म्हटलं तं?"

"येडी झाली काय वं?" आशा हसली. "तुह्यासाठी सारं गाव खोटं... म्हंजे खरं बोलून राह्यलं, अन् तू पलटशीन?"

आई, अन्नपूर्णाबाई, भामाची हनुवटी धरून म्हणाली, "देवानं असे पाणीदार डोळे देल्ले माह्या लेकीले. त्या तानीची नजरच लागली. संग्रामपूरच्या पाव्हण्याईले हे डोळेच तं आवडले. नाहीतर त्याइनं किती पोरी वापस केल्या! एकीचा आवाज घोगरा, एकीले चष्मा, एक बापापेक्षा उंच. तुही मॅट्रिक झाली का बोलणीच करतो म्हणे."

इकडे गाव, तिकडे तानी, आणि मधे आईचा हात हनुवटीवर. मान हलवायलाही जागा नव्हती.

सकाळी उकंडराव धुतलेला फेटा बांधून दारात उभे राहिले. "चाल बाई. सारे जमले."

"तिथं सांगायच्या पहिले तुमाले सांगतो," भामा म्हणाली. "तानीचा हात नव्हता. कोणाचाच नव्हता."

"मंग रिंग काऊन नाही दिसली?" उकंडरावांनी विचारलं.

"मले विमलच्या वहीतलं दिसते, फळ्यावरचं दिसत नाही. साल झालं," भामा म्हणाली. "आई, संग्रामपूरले काय कळवायचं ते कळव. मी चष्मा लावणार."