घड्याळजींचा कान

बायको पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली आणि घड्याळजींनी डोळे मिटले.

स्वतःचं मत टाकून ते नुकतेच बाकावर येऊन बसले होते, साहेबांचा माणूस म्हणून. साहेब म्हणजे या मतदारसंघाचे आमदार. याही वेळी उभे होते. आडोशामागे कोण कुठलं बटण दाबतं ते कुणाला दिसत नाही, दिसूही नये. पण दाबलं की यंत्राची शिट्टी वाजते, ती मात्र सगळ्या खोलीला ऐकू जाते. साहेबांचं नाव सगळ्यात वर, पहिलं बटण. त्यांचा मतदार आत जातो न जातो तोच शिट्टी. त्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या नर्सबाईंचं नाव पार तळाला. तिथवर उतरायचं म्हणजे बोट रेंगाळणारच. जन्मभर घड्याळं कानाला लावून बसलेल्या माणसाला एवढा फरक कळायला काय लागतं? मागच्या खेपेला ज्यांची शिट्टी रेंगाळली, त्यांची नावं घड्याळजींनी साहेबांच्या कानावर घातली. मग सुताराचा नळ कोरडा पडला, इस्त्रीवाल्याच्या दारातला दिवा गेला तो गेलाच. घड्याळजींना बसस्टँडवर दुकानासाठी गाळा मिळाला. साहेबांच्या एका शब्दावर मिळाला होता, आणि एका शब्दावर जाणारा होता.

शिट्टी वाजेना.

शेजारी नर्सबाईंच्या बाजूने बसलेला औषधवाला जांभया देत होता. बोटाला शाई लावणाऱ्या बाईंनी बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. घड्याळजींच्या मनात पाल चुकचुकली. अगं, वरचं बटण. वर बघ, वर. काल जेवताना ताटाच्या काठावर बोट ठेवून दाखवलं होतं की.

मग वाजली एकदाची. बायको बाहेर आली आणि त्यांच्याकडे न बघता, पिशवी सावरत निघून गेली.

"वहिनींना चष्मा लागला वाटतं," औषधवाला म्हणाला.

"गर्दीने गडबडली असेल," घड्याळजी म्हणाले. गर्दी कसली? सकाळची पहिली दोन मतं या नवरा-बायकोचीच होती.

दिवसभर लोक येत राहिले, शिट्ट्या वाजत राहिल्या, पण घड्याळजींचं कशात म्हणून लक्ष लागेना. चष्मा म्हणे! ही बाई दिव्याच्या उजेडात सुईत दोरा ओवते. मग एकेक आठवायला लागलं. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा नर्सबाई रोज घरी यायच्या, आणि जाताना दोघी स्वयंपाकघरात कुजबुजत बसायच्या. परवा साहेबांच्या प्रचाराची गाडी भोंगा लावून गल्लीतून गेली, तेव्हा हिने उठून खिडकी लावली होती. नर्सबाईंची गेली तेव्हा उठली नाही. कुंपणच शेत खायला लागलं होतं आणि राखणदाराला आत्ता कळत होतं.

दुपारी चहाला बाहेर पडले तर साहेबांचाच फोन.

"घड्याळजी, या वेळी काठावर आहे. संध्याकाळी नावं पाहिजेत. एकही सुटता कामा नये."

"नाही सुटणार, साहेब," घड्याळजी म्हणाले. चहा तसाच राहिला.

घरी आले ते चपला न काढता खुर्चीत बसले. बायको ताट वाढत होती.

"एवढा वेळ आत काय करत होतीस?"

"कुठे आत?"

"सोंग करू नकोस. सगळ्या खोलीनं ऐकलं."

"शिट्टी ऐकली ना? बोट तर नाही दिसलं."

"मला बोट बघावं लागत नाही. कानाला कळतं."

बायकोने डाव खाली ठेवला. "सुताराचंही असंच कळलं होतं वाटतं? अहो, त्याच्या हाताची बोटं वळत नाहीत. करवतीने शिरा तुटल्यात. बटण सोडा, त्याला सदऱ्याची गुंडी लावायला वेळ लागतो."

हे घड्याळजींना ठाऊक नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, पण आत्ता सुताराचं काढून ती विषय टाळतेय, असंही वाटलं.

"त्याचं राहू दे. तू कुणाला दिलंस ते सांग."

"नाही सांगणार." ती समोर येऊन बसली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही आत होतात तेव्हा मी शाई लावून घेत होते. म्हटलं, यांची काय, लगेच वाजेल. उभी राहिले, उभी राहिले. बोटावरची शाई वाळली, तरी तुमची शिट्टी वाजेना."

भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं आपापली वेळ दाखवत टिकटिकत होती.

"मी विचारलं का तुम्हाला?" ती म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबच होते.

"हां घड्याळजी, बोला. कुणाकुणाची रेंगाळली?"

बायको जागची हलली नाही. घड्याळजींनी तिच्याकडे पाहिलं. तिने ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"कुणाचीच नाही, साहेब," ते म्हणाले. "सगळ्यांची झटकन वाजली."

पलीकडून उत्तर येईना. घड्याळजी कान लावून बसले.